बोटापासून पडद्यापर्यंत

घरी गेम मशीन बनवतेय म्हटलं की लोक आधी पडद्याबद्दल विचारतात. किती इंची, कुठून घेतला, त्यावर कुठले गेम चालणार. मग प्लायवूडचं, सनमायकाचं, आवाजाचं. कोणी फारच चौकस असेल तर आतला कॉम्प्युटर कोणता ते विचारतं. बटणं आणि कॉम्प्युटर यांच्या मधे काय आहे, हे मात्र आजवर मला एकाच माणसाने विचारलं. तो पुण्यातल्या तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार. गणपतीच्या आधीचे दिवस, गल्लीत दिव्यांच्या माळा घेणाऱ्यांची ही गर्दी, आणि मी त्याच्यापुढे रेलिमेट कनेक्टरची, म्हणजे वायरी बोर्डाला जोडायच्या प्लास्टिकच्या जोडण्यांची, यादी ठेवली. त्याने ती दोनदा वाचली.

"एवढे दोन पिनवाले कशाला लागतात ताई? मशीन कसलं आहे?"

मी सांगितलं.

"मग एन्कोडर रेडीमेड घ्या की. यूएसबीची वायर लावली की झालं."

चुकीचं काही नव्हतं त्यात. एन्कोडर म्हणजे बटणं आणि कॉम्प्युटर यांच्या मधलं तयार बोर्ड, ते स्वस्तात मिळतं आणि चालतं. ज्याला पुढच्या रविवारी मशीन सुरू झालेलं हवंय त्याने तेच घ्यावं, ओळखीच्यांना मी स्वतः तेच सुचवते. पण मला ते मधलं बोर्डच करायचं होतं. लाकूड, पडदा, स्पीकर हे सगळं त्याच्या निमित्ताने आलं.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या मशीनमध्ये हा मधला गडी नव्हताच. बटणाची वायर सरळ गेमच्या बोर्डापर्यंत जायची. जपानमधल्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९८५च्या सुमारास 'जामा' नावाची जोडणी ठरवून दिली. बोर्डाच्या कडेला ५६ टोकं, एका अंगाला २८ आणि दुसऱ्या अंगाला २८. वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, बटणं, नाण्याची खाच, सगळं त्याच एका कनेक्टरमधून. पार्लरवाल्याने एक गेम उपसायचा, दुसरा बसवायचा, वायरिंगला हात लावायचा नाही. १९९१मध्ये स्ट्रीट फायटर टू आला तेव्हा त्याला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणं लागत होती. जामात तेवढी टोकं नव्हती, म्हणून उरलेल्या बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागली. पण तत्त्व तेच राहिलं. बटण दाबलं की एका टोकावरचं व्होल्टेज शून्यावर यायचं आणि गेमचा प्रोग्रॅम ते टोक स्वतः वाचायचा.

आता गेम कॉम्प्युटरवर चालतो, आणि कॉम्प्युटरला बटणाची वायर नुसती नेऊन लावता येत नाही. मधे एक मायक्रोकंट्रोलर लागतो, म्हणजे छोटासा कॉम्प्युटरच असलेली एक चिप. तो सगळ्या बटणांवर नजर ठेवतो आणि कोणतं दाबलं, कोणतं सुटलं हे यूएसबीवरून कळवत राहतो. 'दाबलं' असं त्याने नेमकं कधी मानायचं, यावर त्या मशीनचा सगळा स्वभाव ठरतो. तयार बोर्डात हा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो आणि तो काय घेतलाय हे बाहेरून कळत नाही.

नव्वदच्या दशकात माझे दोघे मामेभाऊ शाळा सुटल्यावर पेठेतल्या एका पार्लरमध्ये जायचे. रुपयाचं नाणं, आत अंधार, पडद्यांचा उजेड. मुली आत जात नसत. मला कोणी अडवलं असतं असं नाही, पण जात नसत एवढं खरं. मी दाराशी त्यांची दप्तरं सांभाळत उभी असायचे. त्या कोनातून पडदा दिसायचा नाही, दिसायचे ते भावांचे हात. धाकट्याचं बोट कायम बटणावर टेकलेलं असायचं, तो फक्त दाबायचा. मोठा दर वेळी बोट वर उचलून मारायचा. धाकटा जिंकायचा. गेम काय आहे हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. हात मात्र तेव्हाच पाठ झाले होते, आणि हरल्यावर मोठा जे ओरडायचा तेही: "अरे दाबलं होतं मी!"

त्याने दाबलंच असणार. प्रश्न मशीनने कधी ऐकलं हा आहे.

आर्केडच्या, म्हणजे पार्लरच्या मशीनवरच्या, बटणाखाली मायक्रोस्विच असतो. आत एक ताणलेली धातूची पट्टी. बटण ठरावीक खोलीपर्यंत गेलं की पट्टी एकदम पलटते आणि 'टिक' असा आवाज होतो. आपल्या कानाला तो एकच टिक असतो. नोकरीत मी टेस्टिंगला आहे, व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप रोजच्या वापरातला. त्यावर हाच टिक पाहिला तर वेगळंच दिसतं. स्टीलची वाटी फरशीवर पडली की थरथरत थरथरत स्थिरावते, तशी ती पट्टी समोरच्या टोकावर आदळते, उडते, पुन्हा आदळते. व्होल्टेजची सरळ पायरी दिसायच्या ऐवजी पडद्यावर एक विस्कटलेला कुंचा दिसतो, आणि त्यानंतर मग सपाट रेघ. हा सगळा प्रकार एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो, स्विच जुना झाला की लांबतो. मायक्रोकंट्रोलर मात्र इतका चपळ असतो की त्याला यातली प्रत्येक उडी वेगळी दिसते. त्याने सगळ्या खऱ्या धरल्या तर एका दाबण्याच्या चार-पाच गोळ्या सुटतील.

यावरच्या उपायाला डिबाउन्सिंग म्हणतात आणि त्याच्या दोन रीती आहेत. पहिली सावध. काहीतरी हललं की थांबायचं, पाच मिलिसेकंद सिग्नल स्थिर आहे ना बघायचं, आणि मगच 'दाबलं' म्हणायचं. दुसरी उतावळी. पहिल्या स्पर्शालाच 'दाबलं' म्हणून कळवून टाकायचं आणि पुढचे पाच मिलिसेकंद त्या बटणाकडे लक्षच द्यायचं नाही, त्याला काय थरथरायचं ते थरथरू दे.

पाच मिलिसेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. यूएसबीत उपकरण आपणहून बोलत नाही, कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारतो तेव्हाच उत्तर देतं. किती वेळाने विचारायचं ते उपकरण जोडतानाच सांगतं. साधे कीबोर्ड आठ-दहा मिलिसेकंद सांगतात, फुल स्पीड यूएसबीत ते एकपर्यंत खाली आणता येतं. आता डिबाउन्सिंगचे पाच आणि विचारणा व्हायचे दहा धरा. नशीब वाईट असेल त्या वेळी जवळजवळ एक अख्खं चित्र हातचं जातं. पुढे कॉम्प्युटरचा आणि पडद्याचा उशीर आहेच, तो वेगळा. उडी मारायची ती कडा ओलांडल्यावर मारली जाते आणि खेळणारा म्हणतो, अरे दाबलं होतं मी.

तेव्हा मला उतावळी रीत हवी होती. पण ती वाटेल त्या बोर्डावर लावता येत नाही. सावध रीतीत एखादा क्षणिक खोटा झटका आला तर तो पाच मिलिसेकंद टिकत नाही आणि आपोआप गळून जातो. उतावळ्या रीतीत तो झटका म्हणजे थेट गोळी. मशीनच्या पेटीत बटणांच्या वायरी हात-हात लांब जातात, शेजारी पडद्याला वीज पुरवणारा एसएमपीएस असतो, स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, वरच्या फलकाच्या एलईडी पट्ट्या असतात. असल्या शेजारात लोंबकळणारी वायर काहीही ऐकते. पहिल्या स्पर्शावर विश्वास ठेवायचा तर त्या वायरीवर स्पर्शाखेरीज दुसरं काही येणार नाही याची तजवीज आधी करायला हवी, आणि ती प्रोग्रॅममध्ये होत नाही, बोर्डावरच्या तांब्यात करावी लागते. माझं सगळं बोर्ड या एका गोष्टीपायी झालं आहे.

चिप निवडली आरपी२०४०. रास्पबेरी पाय पिकोमध्ये असते तीच, २०२१ साली आलेली. तिला वापरण्यासारख्या ३० पिना आहेत. एका खेळाडूच्या जॉयस्टिकचे चार स्विच, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉईन मिळून बारा, दोघांचे चोवीस. प्रत्येकाला स्वतःची पिन देता येते आणि सहा उरतात. पिना कमी असत्या तर कीबोर्डसारखी मॅट्रिक्स करावी लागली असती, उभ्या-आडव्या ओळींची जाळी. तिच्यात चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथंही दाबल्यासारखं दिसतं. प्रत्येक बटणाला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावून ते टाळता येतं, कीबोर्डवाले टाळतातच. पण दोन जण शेजारी उभे राहून आठ-दहा बटणं एकदम बडवणार असताना एका वायरीचा दुसरीशी संबंधच नसावा हे मला पटतं.

पिनेच्या आत चिपचा स्वतःचा पुल-अप असतो, म्हणजे बटण सुटलेलं असताना वायरीचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर, ५० ते ८० किलोओहमचा. मेजावर प्रयोगाला तो पुरतो, पेटीतल्या लांब वायरीला फार ढिला पडतो. मी प्रत्येक वायरीला बाहेरून २.२ किलोओहमचा दिला. मग बटण दाबल्यावर दीड मिलिअँपिअर करंट वाहतो, स्विचच्या टोकांनाही तो मानवतो. त्यापुढे १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि चिपच्या तोंडाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. या जोडीचं मला फार कौतुक आहे. बटण दाबलं की कपॅसिटर १०० ओहममधून रिकामा होतो, म्हणजे साधारण दहा मायक्रोसेकंदांत. सोडलं की तो २.२ किलोओहममधून भरतो, त्याला वीसएक पट वेळ लागतो. दाबणं ताबडतोब पोचतं आणि सुटणं जरा सावकाश. खेळणाऱ्याला तसंच हवं असतं. बारीकसारीक झटके त्या कपॅसिटरमध्येच जिरतात. एका बटणामागे तीन अगदी साधे भाग, सगळे मिळून बहात्तर, आणि उतावळेपणाचा हक्क आपल्याला मिळतो.

बोर्ड काढलं कायकॅडमध्ये. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एका प्राध्यापकांनी, जाँ-पिएर शारास यांनी, १९९२ साली हा प्रोग्रॅम सुरू केला. पुढे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने त्यात भर घातली. आजही तो फुकट आहे आणि कोणालाही उघडून बघता येतो. शाळेतल्या मुलाने घरच्या लॅपटॉपवर धंदेवाईक दर्जाचं बोर्ड काढावं आणि एक रुपयाही द्यावा लागू नये, ही फार मोठी गोष्ट आहे. आम्ही कॉलेजात असताना झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या तयार पाटीवर, वायरी जोडत बसायचो, नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर मार्करने रेघा ओढून फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचो. बोटांवरचे पिवळे डाग आठवडाभर जायचे नाहीत.

सर्किट जमलं की सगळे भाग पडद्यावर एका ढिगात येतात आणि कोणाला कोण जोडलेलं आहे हे दाखवणाऱ्या बारीक रेघांचं जंजाळ दिसतं. रेघा ओढायची घाई केली की काम बिघडतं. भाग कुठे ठेवायचे यातच खरं डोकं आणि खरा वेळ जातो. काही जागा चिपच ठरवते. चिपला ताल देणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तिच्या अगदी लगत हवा. विजेच्या प्रत्येक पिनेपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवा, लांब नेला तर असून नसल्यासारखा. यूएसबीच्या दोन वायरींवर २७ ओहमचे रेझिस्टर चिपच्या बाजूला. टाइप-सी सॉकेटला ५.१ किलोओहमचे दोन, ते नसतील तर दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल वीजच देत नाही. खालचा सगळा थर ग्राउंडसाठी, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेसाठी, मोकळा ठेवला, त्यावरून शक्यतो एकही रेघ नेली नाही.

बाकीच्या जागा माणसं ठरवतात. मशीनचा बटणांचा फलक बिजागरीवर वर उघडतो आणि बोर्ड त्याच्या खालच्या अंगाला बसतं. फलक उघडून आपण बघतो तेव्हा सगळं वरखाली झालेलं असतं. पहिल्या खेळाडूची बटणं डावीकडेच राहतात, पण वरची ओळ खाली जाते आणि खालची वर. दुरुस्ती करणारा माणूस बोर्ड पाहणार तो नेहमी असाच, वाकून, एका हाताने फलक धरून, तोंडात टॉर्च. म्हणून कनेक्टर त्याच्या नजरेने लावले, त्याला समोर जी बटणं दिसतील त्याच क्रमाने. एकही वायर दुसरीला ओलांडत नाही. रेलिमेट घेतले तेही यासाठीच. उलटे बसत नाहीत, ओढले की निघतात, आणि पुण्यात कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

नावं देवनागरीत छापायची होती. कायकॅडच्या २०२३मधल्या सातव्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरमधला कोणताही फॉन्ट बोर्डावर वापरता येतो. 'वर', 'खाली', 'डावी', 'उजवी', 'सुरू', 'नाणं' असं प्रत्येक कनेक्टरशेजारी लिहिलं. मग झेरॉक्सच्या दुकानातून मूळ मापाचा प्रिंट आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि भोकांतून खरे कनेक्टर टोचून बघितले. पडद्यावर ऐसपैस वाटणारी जागा पुठ्ठ्यावर बोटांना पुरत नाही हे तेव्हा समजतं. दोन कनेक्टरांमधे नख जाईल एवढी फट मी त्या पुठ्ठ्यावर वाढवून घेतली.

बोर्ड करायला दिलं भोसरीत, एका छोट्या कारखान्यात. फाइल पाठवल्यावर दुपारी फोन आला.

"मॅडम, तुमचं देवनागरीचं प्रिंटिंग फार बारीक आहे. वेलांट्या भरून येतील."

"किती मोठं करू?"

"अडीच मिलिमीटर उंची द्या. आणि अक्षर जरा जाड घ्या. आणि बीबीटी करायचंय ना?"

बीबीटी म्हणजे कोऱ्या बोर्डाची तपासणी, भाग लावायच्या आधी प्रत्येक रेघ जुळलेली आहे ना आणि नको तिथे चिकटलेली नाही ना हे बघणं. आमच्या एवढ्याशा कामासाठी त्यांनी ते आपणहून विचारलं याचं मला बरं वाटलं. १.६ मिलिमीटर जाडीची, ३५ मायक्रॉन तांब्याची हिरवी बोर्डं आली. 'उजवी'ची वेलांटी अगदी स्वच्छ होती.

रेझिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर मी घरीच लावले. चिपचं काम वेगळं. सात मिलिमीटरचा चौकोन, चार कडांना मिळून ५६ टोकं, दोन टोकांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर, आणि पोटाखाली ग्राउंडचा पॅड, जिथे सोल्डरिंग आयर्न पोचतच नाही. ते मी आमच्या कॉलनीतल्या मोबाईल रिपेअरवाल्या दादाकडे नेलं. त्याच्याकडे मायक्रोस्कोप आहे, हॉट एअर आहे, आणि याहून बारीक काम तो दिवसभर करत असतो. त्याने पॅडांवर सोल्डरचा अगदी पातळ थर दिला, फ्लक्स लावला, चिमट्याने चिप ठेवली. जराशी तिरकीच ठेवली, मला दिसत होतं. मग गरम हवा गोल गोल फिरवायला लागला. फ्लक्सचा धूर निघाला, सोल्डर चमकलं, आणि चिप आपली आपण वळली आणि सरळ झाली. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण तिला चारी बाजूंनी सारखा ओढतो. दादाने चिमट्याच्या टोकाने तिला हलकेच ढकललं. ती सरकली आणि होती तिथे परत आली. "बसली," तो म्हणाला, आणि हवा बंद केली. मायक्रोस्कोपमधून मी चारी कडा पाहिल्या. शाळकरी वयात कोणीतरी मला हे दाखवायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

घरी आल्यावर आधी मल्टीमीटरने वीज आणि ग्राउंड चिकटलेले नाहीत ना ते पाहिलं, मग केबल लावली. बोर्डावरचं बूटसेल नावाचं बटण दाबून जोडलं की ही चिप पेनड्राइव्हसारखी कॉम्प्युटरवर उमटते, प्रोग्रॅमची फाइल तिच्यात टाकली की झालं. मोठा मामेभाऊ आता पन्नाशीला आलाय. तो आला, उभा राहिला, बोट उचलून बटण मारलं. थोड्या वेळाने म्हणाला, "हे ऐकतंय गं." बाकी हरला तो तसाच.

सहा पिना उरल्या होत्या. त्यातल्या दोन मी ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर काढल्या होत्या, हेडफोनला असतो तसल्या. ज्यांच्या हातांना नेहमीचं बटण जमत नाही त्यांच्यासाठी मिळणारे मोठे स्विच बहुतेक याच जॅकचे असतात. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये आणलेल्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे त्यांची रांगच आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक अकरा वर्षांची मुलगी राहते, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जॉयस्टिक तिला धरता येत नाही, उजवा हात मात्र बटणावर आणता येतो. तिचा भाऊ खेळायला यायचा आणि ती बघत बसायची. बघत बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

तिच्यासाठी बशीएवढा स्विच जोडला आणि स्पेस इन्व्हेडर्सच्या नियमांवर बेतलेला एक छोटा खेळ लावला. १९७८च्या त्या मूळ खेळात आपली एकच गोळी एका वेळी हवेत असते, ती लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. भराभर दाबून काही मिळत नाही, वेळ साधावी लागते. भावाने यान हलवायचं आणि हिने गोळी मारायची असं ठरलं.

माझी उतावळी रीत तिच्या कामाची नव्हती. तिचा हात स्विचवर येताना आधी एकदा नकळत लागतो, मग ती मनापासून दाबते. पहिल्या स्पर्शावर विश्वास ठेवला की गोळी वायाच जाते. तिच्या पिनेला सावध रीत हवी, तीही पाच मिलिसेकंदांची नाही, बरीच लांब. सगळ्या पिना वेगळ्या असल्यामुळे प्रत्येकीचा आकडा वेगळा ठेवता येतो. तिच्या आईने तिला नीट बसवलं, मी लॅपटॉप मांडीवर घेतला. दोनशेवर ठेवलं तर तिला ते मंद वाटलं. साठवर नकळत लागलेले स्पर्श आत यायला लागले.

"मावशी, मघाचं," ती म्हणाली. मघाचं म्हणजे एकशे दहा. त्यावर तिच्या गोळ्या लागायला लागल्या. भाऊ यान उशिरा सरकवतो यावरून दोघांचं भांडणही झालं.

आता तिला तो स्विच आणखी डावीकडे आणि थोडा तिरका हवाय, म्हणजे मनगट टेकवता येईल. सुताराशी बोलले आहे. फलकात एक नवं भोक पाडायचं आणि खाली छोटी पाचर ठोकायची. बोर्डात काही बदलावं लागत नाही.